वीस चढती, अठ्ठावीस उतरती

माझं काम लोकांच्या चुका काढण्याचं. याच गुणाबद्दल घरी बोलणी खातो आणि स्टुडिओत पगार घेतो. हाताने काढलेल्या कार्टून सिनेमांचा आमचा स्टुडिओ. चित्रांचा प्रत्येक गठ्ठा स्कॅनिंगला जाण्याआधी माझ्या टेबलावर येतो. मी तो डाव्या हातात धरतो, उजव्या अंगठ्याने फडफडवतो आणि राजाची मिशी मध्येच गायब झाली नाही ना, घोड्याला पाचवा पाय फुटला नाही ना, ते बघतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला, स्वभाव होता तसाच राहिला.

या सव्वीस वर्षांत मधल्या बाईंचं काम मी फक्त तीनदा परत पाठवलं होतं. त्यातली एक चूक माझीच निघाली आणि बाईंनी ती मला वर्षभर ऐकवली. त्यामुळे दोनशे चौदा नंबरचा शॉट मी चार वेळा उलटसुलट पाहिला, चष्मा पुसून पाचव्यांदा पाहिला आणि मगच मानलं की बाई चुकल्या आहेत. मेलेला माणूस श्वास घेत होता.

त्यांना मधल्या बाई म्हणतात ते कामावरून. मोठे चित्रकार हालचालीतली मुख्य चित्रं काढतात, म्हणजे मुलगी खुर्चीत बसलेली, मुलगी दारात उभी. खुर्चीतून तिला दारापर्यंत नेणारी मधली पंधरावीस चित्रं बाई काढतात. नाव होतं मोठ्या चित्रकारांचं, मान मोडते बाईंची. पडद्यावर त्यांचं नाव अगदी शेवटी येतं, तेव्हा निम्मं थिएटर उठून दाराकडे निघालेलं असतं. बाईंना याचं कधी वाईट वाटलं नाही. मला वाटतं, म्हणून सांगून ठेवतो.

बाई बुटक्या, डावखुऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात. पेन्सिल नखाएवढी होईपर्यंत वापरणार आणि दुसऱ्या कुणी तिला हात लावला तर दिवसभर बोलणार नाहीत. नव्या मुलामुलींना त्यांचा एकच नियम: करून बघितल्याशिवाय काढायचं नाही. म्हातारी कशी उठते ते काढायचंय? मग आधी उठून दाखव. स्वतः बाई साठीला आल्या तरी घोडा कसा दौडतो ते पॅसेजमधून दौडून दाखवायच्या. एकदा अस्वल कसं बसतं ते दाखवताना खरंच बसल्या आणि त्यांना उठवायला तिघे लागले.

आता श्वासाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पडद्यावरचं पात्र नुसतं उभं असलं किंवा झोपलेलं असलं, तरी त्याला थोडा श्वास द्यावा लागतो. छाती जराशी वर, जराशी खाली. नाही दिला तर ते मेल्यासारखं दिसतं. बाई कामाला लागल्या तेव्हा त्यांना हे जमत नव्हतं. त्यांचे यजमान बस चालवायचे. दुपारी जेवायला घरी यायचे आणि सोफ्यावर उशांना टेकून असे झोपायचे की त्यांचं घोरणं खालच्या मजल्यावर पाठ झालं होतं. बाईंनी समोर स्टूल घेतलं आणि काढायला बसल्या. पोट वर जायला वीस चित्रं, खाली यायला अठ्ठावीस. वीस चढती, अठ्ठावीस उतरती. तो गठ्ठा आता पिवळा पडलाय, पण आमच्याकडे अजून तोच नमुना. आमच्या सिनेमांतलं झोपलेलं प्रत्येक अस्वल, प्रत्येक राजा, प्रत्येक ढग, एवढंच काय एक झोपलेला ज्वालामुखीसुद्धा त्या बस ड्रायव्हरच्या मापाने श्वास घेतो. त्यांना याचा कोण अभिमान! पहिल्या खेळाला जायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "ते अस्वल दिसतंय ना, ते मी."

आठ महिन्यांपूर्वी ते गेले. दुखणं महिनाभराचं, शेवट घरीच, दुपारी, त्याच सोफ्यावर. पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या, टेबलाखालचा दिवा लावला आणि कागद टेबलावरच्या खुंट्यांवर बसवला. मी म्हटलं, "दिवा बदललाय तुमचा." त्या म्हणाल्या, "दिसतंय." आमचं दुखवट्याचं बोलणं तेवढंच झालं.

आणि नेमका तेव्हाच हा सिनेमा आला. एका मुलीचा बाप मरतो आणि ती त्याला परत आणायला खालच्या जगात उतरते. वाट दाखवायला एक काणा बोकड. खाली आग नाही, राक्षस नाहीत. न संपणारी एक वेटिंग रूम आहे आणि तिथल्या बाकांवर मेलेली माणसं बसून आहेत. बोकड मुलीला सांगतो, इथे मेलेला कोण ते ओळखायचं असेल तर छातीकडे बघ. म्हणून दिग्दर्शकाने पहिल्याच पानावर लाल शाईने नियम लिहून दिला होता: खालची माणसं श्वास घेणार नाहीत. हा दिग्दर्शक वयाने माझ्या मुलाएवढा, पण बोलायला इतका नम्र की त्याच्यावर चिडायचीही सोय नाही.

दोनशे चौदामध्ये मुलीला बाप सापडतो. ती त्याच्याशेजारी बसते आणि त्याच्या छातीवर डोकं ठेवते. अकरा सेकंद. बापाचं एकच चित्र, अकरा सेकंद तेच ठेवायचं. त्या अकरा सेकंदांत मुलीला कळतं आणि ती उठून एकटीच वर निघते. अख्खा सिनेमा या शॉटवर उभा. बाईंनी तो स्वतः मागून घेतला. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही, माझीसुद्धा.

आणि आता बाप श्वास घेत होता. वीस चढती, अठ्ठावीस उतरती. मी ओळखणार नाही तर कोण?

गठ्ठा घेऊन मी स्वतः त्यांच्या टेबलाशी गेलो. "बाई, बाप हलतोय."

"सवयीने झालं असेल. ठेवा तिथे."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. या वेळी श्वास पेन्सिलीच्या अर्ध्या रेघेइतका होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता, पण माझे डोळे मेले असे की त्यांना दिसतंच. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला छाती स्थिर होती, फक्त शर्टाचं एक बटण हळूच वर जाऊन खाली येत होतं. मला हसू आलं.

दिग्दर्शक म्हणाला, "त्यांना त्रास होत असेल तर शॉट दुसऱ्या टेबलाला देऊ या. सोमवारपर्यंत वाट बघू." त्याचं बरोबरच होतं, त्यामुळे मला आणखी राग आला.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी दिवा बंद केला.

"नाही द्यायचा."

"मग त्याला थांबवा."

"कसं थांबवू? थांबलेलं मी पाहिलेलंच नाही." बाई माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "माझं डोकं त्यांच्या छातीवर होतं. डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, गेले. मी म्हटलं, नाही, हलतंय. माझ्या गालाखाली हलत होतं हो. मी मोजत होते. वीस, अठ्ठावीस. पुन्हा वीस. डॉक्टर थांबले, परत तपासलं, परत तेच म्हणाले. मग वन्संनी मला ओढून उठवलं आणि त्यांना घेऊन गेले." वन्सं म्हणजे बाईंची नणंद, यजमानांची धाकटी बहीण, त्यांच्याच घरी राहते. "आठ महिने झाले. जिवंत माणसाला मी नेऊ दिलं, असं मला रोज सकाळी वाटतं. आणि तुम्ही म्हणता, थांबवा."

अशा वेळी माणसाने चार धीराचे शब्द बोलावेत. मला ते येत नाहीत. मी विचारलं, "करून बघितलंत का?"

त्यांनी अशी नजर टाकली की मी एक पाऊल मागे सरलो. तरी म्हटलं, "तुमचाच नियम आहे." बाईंनी पिशवी उचलली आणि दुपारी तीनलाच घरी निघून गेल्या. घरी गेल्यावर मी हे बायकोला सांगितलं आणि बाईंकडून राहिलेली बोलणी तिने ऐकवली.

रविवारी सकाळी दहाला बाईंचा फोन आला. "या. बाजूने बघायला कुणीतरी हवं. स्टॉपवॉच घेऊन या."

तिसरा मजला, दोन खोल्या. दाराशी यजमानांचे बूट अजून पॉलिश करून ठेवलेले. दार वन्संनी उघडलं. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी, बोलकी बाई. अंगावर भावाचा चौकटीचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. "या. आज मला मरायचंय म्हणे," त्या म्हणाल्या. पुढे हळू आवाजात म्हणाल्या, "काही का निमित्ताने होईना, वहिनी माझ्याशी बोलली. आठ महिने आमचं दूध आलं का, किल्ली कुठंय, एवढंच चाललंय."

सोफ्यावर मधोमध एक खळगा होता. वन्सं तिथे उशांना टेकून बसल्या. मी स्टूल ओढलं. बाईंनी शर्टाच्या चुण्या चित्रातल्यासारख्या लावल्या, चष्मा काढून ठेवला आणि नणंदेच्या छातीवर डोकं टेकवलं. वन्सं खुदकन हसल्या.

"वन्सं, मेलेली माणसं हसत नाहीत."

"तुझ्या केसांनी गुदगुल्या होतात गं."

दुसऱ्यांदा केलं. या वेळी वन्संनी डोळे मिटले. मी स्टॉपवॉच चालू केलं. बाईंच्या गालाखाली शर्टाची एक चुणी होती. ती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. बाईंचे ओठ हलत होते; त्या मोजत होत्या.

मी स्टुडिओतल्या आवाजात म्हटलं, "वन्सं, श्वास रोखा."

वन्सं दातांतून बोलल्या, "रोखलाय. केव्हाचा."

मी नीट बघितलं. वन्संचं पोट हलत नव्हतं, गळा हलत नव्हता, चेहरा लाल व्हायला लागला होता. चुणी मात्र संथ वर जात होती, खाली येत होती आणि तिच्याबरोबर बाईंची पाठ. तीस वर्षं एका माणसाशेजारी झोपल्यावर आपला श्वासही त्याच्याच मापाचा होत असणार. चूक सांगायला माझी जीभ कधी अडली नाही. त्या दिवशी अडली.

सांगायची गरज पडली नाही. बाईंचे ओठ थांबले. मग त्यांनी श्वास रोखला आणि चुणी थांबली. सोडला, चुणी हलली. पुन्हा रोखला, पुन्हा थांबली. तीनदा करून बघितलं त्यांनी, नव्या मुलीला शिकवताना करायच्या तसं. तेवढ्यात वन्संचा दम संपला आणि त्यांना मोठा ठसका लागला.

ठसका थांबेपर्यंत बाईंनी डोकं उचललं नाही. मग म्हणाल्या, "ते मी होते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "वन्सं, ते सगळं मीच होते हो."

वन्संनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "तू उठतच नव्हतीस गं, म्हणून ओढलं. तू मोजतेयस हे मला कुठं माहीत? मला वाटलं, मी तुला शेवटचं त्याच्याजवळ बसूही दिलं नाही, म्हणून तू बोलत नाहीस."

"तुम्ही बरोबर उठवलंत," बाई म्हणाल्या आणि मग रडल्या. दोघी रडल्या. मलाही रडू आलं, लपवायचं काय त्यात. स्टॉपवॉच माझ्या हातात तसंच चालू राहिलं होतं. मी ते सात मिनिटांवर बंद केलं आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठे आहे ते दोघींनी एकदमच ओरडून सांगितलं.

सोमवारी दोनशे चौदा माझ्या टेबलावर आला. बापाचं एकच चित्र. सोबतच्या तक्त्यात त्याच्या रकान्यात वर "१" आणि खाली शेवटपर्यंत सरळ रेघ, म्हणजे तेच चित्र तसंच ठेवायचं. मुलगी डोकं टेकवते आणि तिच्या गालाखालची चुणी वर जाते, खाली येते. मुलीच्या चेहऱ्यावर आनंद. मग तिला काहीतरी शंका येते. ती श्वास रोखते आणि सगळं थांबतं. पूर्ण दोन सेकंद पडद्यावर काहीच हलत नाही. मग मुलगी श्वास सोडते आणि उठते.

दिग्दर्शक म्हणाला, "पण शर्ट हलतोय."

"मुलगी हलवतेय. नियम बापाला आहे."

त्याने गठ्ठा तीनदा फडफडवला. मग चष्मा काढला, डोळे चोळले आणि अकराऐवजी तेरा सेकंद लागले तरी चालतील म्हणाला.

पहिल्या खेळाला आम्ही एका रांगेत बसलो होतो. बाई, वन्सं आणि मी. दोनशे चौदा लागला. मुलीने श्वास रोखला तेव्हा थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बाईंचा हात वन्संच्या मनगटावर होता. शॉट संपला आणि वन्संनी पलीकडच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसलं. "तो मेलेला माणूस होता ना, ती मी."

शेवटी नावं आली. लोक उठले, आम्ही बसून राहिलो. बाईंचं नाव येऊन गेल्यावर वन्संनी विचारलं, "वहिनी, पुढच्या सिनेमात काय आहे?"

"एक पहारेकरी आहे. दिवसभर झोपतो."

"म्हणजे दादाला काम आहे," वन्सं म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "आहे तर." आणि चष्मा शोधायला लागल्या. तो गळ्यातच होता.