करवत नको, जाळं काप

कोलशेतहून आमच्या सोसायटीत येणारी कोळीण मासे कापता कापता पोरांना माशांची माहिती देते. परवा तिच्या भावाचा होडीतून व्हिडिओ कॉल आला. जाळ्यात लांब, दातेरी नाकाचा करवत मासा अडकला होता, जिवंत! पोरं मोबाइलवर तुटून पडली.

"ताई, त्याची करवत तोडतो. नायतर नवीन जाळं जाईल," भाऊ ओरडला.

"खबरदार! ती परत उगवत नाय. मग तो शिकार कशानं करील? असे मासे उरलेत किती? जाळं काप!"

"अगं, पण..."

"मी विणून देते. काप!"

त्यानं कापलं. शेपटीचा एक फटकारा, आणि मासा पाण्यात दिसेनासा झाला.

"शार्क सुटला!" पोरं नाचायला लागली.

"शार्क नाय रे, त्या चपट्या पाकट माशाच्या जातीचा हाय तो," तिनं दरडावलं आणि सुरी उचलली.

माझ्या सुरमईचे तुकडे त्या दिवशी पहिल्यांदाच वेडेवाकडे झाले.