क्लचवरचा पाय

आमच्या नाटक कंपनीत रंगराव ओव्हाळांना कधी टाळी पडली नाही. पण प्रयोग उभा राहायचा तो त्यांच्या जिवावर, कारण आम्हाला झोपवण्याचं काम त्यांचं होतं. साताऱ्याचा खेळ आटोपून दुसऱ्या दिवशी नांदेडला तोंडाला रंग लावायचा, तर मधली झोप बसमध्येच काढावी लागे. रंगराव बस अशी चालवायचे की गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. नव्या मुली गाडी लागेल म्हणून हातात लिंबू घेऊन चढायच्या आणि ते तसंच घेऊन उतरायच्या. मी थट्टेनं म्हणायची, "रंगराव, तुमच्या गाडीला गिअर आहेत तरी का?" ते म्हणायचे, "असतील बाई. दिसले तर सांगतो."

मूळचे लोणी काळभोरचे. वडिलांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि मुलांना बजावलं, गावकीचं काम करायचं नाही, कुणी बोलावलं तरी जायचं नाही. म्हणून रंगराव मिसरूड फुटायच्या आत ट्रकवर क्लीनर झाले आणि पुढे ड्रायव्हर. एकदा प्रवासात ते मला म्हणाले होते, स्टिअरिंगपुढं बसलेल्या माणसाला 'ऊठ रे' म्हणायची कुणाची छाती होत नाही. हे ते अभिमानानं नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले होते. मला मात्र त्या वाक्यानं सगळा माणूस कळला.

मग घरोघरी केबल आली. थिएटरातल्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, कंपनी बंद पडली, बस विकली गेली. आम्ही नटमंडळी विखुरलो. मी धायरीत एका नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेतला आणि पाहते तो मागच्या गल्लीत रंगराव, त्यांची बायको शालनबाई आणि मुलगी पूर्वा राहत होते. ते तेव्हा दिगंबरशेठ नावाच्या कंत्राटदाराची सुमो चालवायचे. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलंमुली घरून उचलायची आणि घरी सोडायची. पोरं कानांत वायरी खुपसून माना टाकून झोपलेली असत. रंगराव म्हणायचे, "धंदा तोच हाय बाई. फक्त ही पोरं नाटक करत न्हाईत." घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चालत होतं.

शेठचा अलिखित नियम साधा होता. तब्येतीची कुरबूर दिसली की ड्रायव्हर बदलायचा. एका ड्रायव्हरच्या चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा शेठ त्याला एवढंच म्हणाले, "काका, आता नातवंडं सांभाळा. त्यांना सांभाळायला चष्मा लागत नाही." आणि त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

एका रविवारी रंगराव मला सुमोतून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटला, गाडीनं हिसका दिला आणि जळकट वास आला. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीत मला बसलेला तो पहिला हिसका. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि समोरच्या काचेकडे बघत सांगितलं की साखरेच्या आजारानं त्यांचा डावा तळपाय मेला आहे. कापसात गुंडाळून ठेवावा तसा वाटतो. पाय पेडलवर आहे की नाही ते खाली वाकून बघावं लागतं. मग दर वेळी शोधायला नको म्हणून ते पाय क्लचवरून काढतच नव्हते. पाय सतत टेकलेला, त्यामुळे क्लचची प्लेट घासून जळत होती. अशी एक प्लेट आधीच गेली होती. ही दुसरी.

मी विचारलं, मागं बसलेल्या पोरांचं काय?

"ब्रेक उजव्या पायाला असतो," ते म्हणाले. "उजवा अजून माझा हाय. ज्या दिवशी तो पण जाईल, त्या दिवशी किल्ली शेठच्या टेबलावर."

पहिली प्लेट शेठच्या गॅरेजमध्ये सीताराम मेकॅनिकनं बदलली होती. त्यानं जळलेली प्लेट हातात घेऊन उलटसुलट फिरवली आणि विचारलं, "काका, पेडलवर पाय ठेवून चालवता का?" रंगराव नाही म्हणाले. सीतारामनं फडक्याला हात पुसले आणि पुढे काहीच बोलला नाही. त्या न बोलण्याचीच रंगरावांना दहशत बसली होती. ही दुसरी प्लेट त्याच्या हातात पडली तर तो शेठला सांगणार, याबद्दल त्यांची खात्री होती.

मी म्हटलं, मग दुसरा मेकॅनिक गाठू, पैसे मी देते, पण या वयात तुम्ही गाडीखाली शिरू नका. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे काय वजन असतं ते मी आमच्या बसच्या वेळी पाहिलं होतं. चार जण लागले होते.

"पैशाचं न्हाई हो बाई. मेकॅनिक प्लेट काढतो, आधी प्लेटकडं बघतो आणि मग ड्रायव्हरकडं बघतो. अन् गाडीच्या दारावर शेठचा फोन नंबर लिवलाय."



पुढच्या रविवारी शालनबाई आणि पूर्वा लोणीला लग्नाला गेल्या. पायाचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. नाना पेठेतून आणलेली नवी प्लेट घेऊन रंगराव सकाळीच कामाला लागले. पेडल दाबायला आणि पाने हातात द्यायला कुणी तरी हवं होतं, आणि गप्प बसणारं हवं होतं, म्हणून मी. स्टुलावर बसून मी मागतील तो पाना देत होते. गाडीच्या पोटातून त्यांचा आवाज यायचा, विंगेतून यावा तसा. गिअरबॉक्स त्यांनी जॅकवर अलगद उतरवला. जुनी प्लेट बाहेर सरकवली. ती काळीनिळी पडली होती, आणि ती बघायला मेकॅनिक असण्याची गरज नव्हती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा नवी प्लेट बसली होती. आता गिअरबॉक्स पुन्हा वर चढवायचा होता. ठोकळ्यांवर उंच चढवलेल्या गाडीखाली बसून, पाय पसरून, ते तो छातीनं रेटत होते. एकदा जॅक सरकला आणि धाडकन आवाज झाला. मी हाक मारली.

"काय न्हाई. घसरला जरा," ते म्हणाले, आणि पुन्हा रेटायला लागले. कण्हणं नाही, काही नाही. बोल्ट आवळले गेले. मग ते म्हणाले, "बाई, जरा बघा, खाली पोतं ओलं लागतंय. ऑइल गळतंय का कुठनं? सील नीट बसलं न्हाई वाटतं."

मी वाकून पाहिलं. ओलं होतं खरं, पण ते गिअरबॉक्सखाली नव्हतं, त्यांच्या डाव्या पायाखाली होतं.

"रंगराव, ऑइल लाल नसतं," मी म्हटलं.

ते बाहेर आले आणि आपल्या पायाकडे बघत बसले. दुसऱ्या कुणाचा पाय समोर आणून ठेवावा तसे. अंगठा आणि शेजारची बोटं चेपली होती. मी रिक्षा आणते म्हटलं, तर त्यांनी हात धरून थांबवलं. दुखत नाही, तर डॉक्टरकडे कशाला? हळद भरली, फडकं बांधलं. वर मला गाडीत बसवून सिंहगड रोडवर एक फेरी मारली. पूर्वीसारखे गिअर पडत होते, एकही हिसका नाही. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की डॉक्टरचा विषय पुन्हा काढणं मला जमलं नाही.

ड्रायव्हरनं बूट घालायचे हाही शेठचा नियम होता, म्हणून सोमवारी त्यांनी मोजे-बूट चढवले आणि कामावर गेले. दुखलं असतं तर चार पावलांत थांबले असते. दुखत नव्हतं म्हणून आठवडाभर चालवत राहिले. मग ताप आला. शालनबाईंनी बूट काढला, तर मोजा कातडीसकट सुटला.

सरकारी इस्पितळात गुडघ्याखाली पाय कापला. दिगंबरशेठ फळं घेऊन आले. पूर्वाशी चांगलं बोलले, निघताना दाराशी थांबून हळूच विचारलं, "गाडीची किल्ली घरी आहे का?" शालनबाईंनी पर्स उघडून ती त्यांच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी सीताराम आला. खाटेजवळ उभा राहिला. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण परत आलेली सुमो त्यानं एकदा चालवून पाहिली होती आणि क्लचची प्लेट नवी आहे हे त्याच्या पायाला कळलं होतं.

"काका, पहिली प्लेट बघितली तेव्हाच मला कळलं होतं," तो म्हणाला. "शेठला मी सांगितलं, प्लेट डुप्लिकेट होती. दुसरी पण गुपचूप बसवून दिली असती. माझ्याकडं यायचं ना."

रंगरावांनी मान त्याच्याकडे वळवली.

"तू तेव्हा बोलला का न्हाईस?"

"तुम्ही नाही म्हणालात. वडीलधाऱ्या माणसाला खोटं कसं पाडू?"

मी उठून खिडकीशी गेले.

त्यानंतर रंगराव आणखी तीन वर्षं जगले. शालनबाई पोळ्या लाटून कॉलेजच्या मुलांच्या खोल्यांवर डबे पोचवू लागल्या. पूर्वानं कॉलेज सोडून एका दुकानात काम धरलं. रंगराव दारात खुर्ची टाकून बसत. येणाऱ्याजाणाऱ्यानं 'काका, जरा पाय आत घ्या' म्हटलं की निमूटपणे खुर्ची मागे सरकवत. सीताराम महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकायचा. त्याला बसायला सांगण्याआधी रंगराव एकच गोष्ट विचारायचे, "प्लेट कशी हाय?"

"एक नंबर, काका. हिसका नाही."

खरं म्हणजे दुसऱ्याच वर्षी त्या गाडीला टँकरनं ठोकलं आणि शेठनं ती भंगारात काढली होती. सीतारामनं मला ते गल्लीच्या तोंडाशी सांगितलं आणि मी त्याला काही न बोलता आत नेलं. रंगरावांनी विचारलं, प्लेट कशी आहे? सीतारामनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, एक नंबर.