बर्फाच्या कारखान्यातलं व्हिएन्ना

प्रवासाला जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण प्रवासाची रंगीत तालीम करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी. नाटकवालेसुद्धा महिनाभर तालीम करून एकदाचे पडदा वर करतात. दाजींची व्हिएन्नाची तालीम इतकी लांबली की तेवढ्यात त्या देशाचं नाणंच बदललं. शिलिंग जाऊन युरो आल्याची बातमी ऐकली तेव्हा दाजींनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "असं कसं? आपण निघायच्या बेतात असताना?" जसं काही तिकडच्या सरकारनं यांना विचारूनच करायला हवं होतं!

दाजी ओमानमध्ये, सीबला, एका बर्फाच्या कारखान्यात मिस्त्री होते. पहाटे मासेमारांच्या गाड्या दारात लागायच्या आत लाद्या तयार पाहिजेत, एवढंच काम. पण ते एक दिवस चुकलं तर अख्ख्या किनाऱ्याची मासळी सडणार. कारखान्यात एक जुनाट कॉम्प्रेसर होता. आमचे अर्बाब, म्हणजे मालक, त्याला 'मकीना' म्हणत आणि दाजी 'म्हातारी' म्हणत. म्हातारी खोकली तरी दाजी झोपेतून उठून बसायचे. मी आठवीतून शाळा सोडलेला, चिपळूणजवळच्या आमच्या गावात कुणाच्या खिजगणतीत नसलेला. मला व्हिसा काढून नेलं ते दाजींनीच. पहिल्या दिवशी त्या यंत्राचा आवाज ऐकून मी दारापर्यंत मागे सरकलो, तर म्हणाले, "घाबर, घाबर. पण घाबरत घाबरत पाना इकडे दे." त्या माणसानं मला कधी 'तुला काय कळतंय' म्हटलं नाही. माझ्या बाबतीत हे म्हणायचं राहिलेला बहुधा तो एकटाच.

या सगळ्यात व्हिएन्ना कुठून आलं? तर भिंतीवरून. सुटे भाग पुरवणाऱ्या कुणीतरी कारखान्याला एक कॅलेंडर दिलं होतं. त्यात व्हिएन्ना आणि आसपासच्या जुन्या गावांची बारा चित्रं. वर्ष संपलं, पण दाजींनी कॅलेंडर उतरवू दिलं नाही. सीबच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, घामानं निथळत, ते त्या चित्रांसमोर चहा प्यायचे. हळूहळू ती गावं त्यांना महिन्यांच्या नावानंच पाठ झाली. मोठा राजवाडा म्हणजे मे. नदीकाठचा पिवळा मठ, मेल्क गावचा, म्हणजे मार्च. ड्यूर्नस्टाइन नावाच्या गावातला पडका किल्ला म्हणजे जुलै. मग घरात बेत असे चालायचे: "पहिल्या दिवशी मे आणि डिसेंबर उरकू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मार्च. मार्चहून होडीनं जुलै." ताई भाकरी थापता थापता विचारायची, "आणि आषाढ कधी?" त्या जुलैवर मात्र दाजींचा विशेष जीव. त्या किल्ल्यात म्हणे कुण्या एका इंग्रज राजाला कोंडून ठेवलं होतं. हे कळल्यापासून दाजींना ऑस्ट्रियाबद्दल सोयरीक झाल्यासारखं वाटू लागलं. "आपल्या रत्नागिरीत इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला कोंडला की नाही? बघ, या लोकांनी इंग्रजालाच कोंडला! भेटायला नको अशा माणसांना?"

तालमीचं म्हणाल तर सर्वांत गाजली ती थंडीची. ताईला थंडीची सवय नाही, ती तिकडे आजारी पडेल, म्हणून दाजींनी सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, दोन जाड कोट आणले आणि एका शुक्रवारी तिला घेऊन मासळी ठेवायच्या कोल्ड रूममध्ये शिरले. मला दाराशी उभं केलं, दार चुकून अडकलं तर उघडायला. मी अर्थातच सारखं दार उघडून 'ठीक आहात ना' विचारत होतो. "अरे, दार उघडू नकोस, व्हिएन्ना बाहेर जातं!" दाजी ओरडायचे. आत दोघं मासळीच्या क्रेटवर बसलेली, अंगात कोट, हातात थर्मासचा चहा, आणि दाजी हात लांब करून दाखवताहेत, "ही डाव्या हाताला नदी. समोर मार्च." ताई नाकाला पदर लावून म्हणाली, "तुमच्या नदीला सुरमईचा वास येतोय." नेमके त्याच वेळी अर्बाब आले. अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी. त्यांनी दार उघडून आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "इदर क्या करता?" दाजी उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, "अर्बाब, ऑस्ट्रिया." अर्बाबांनी मान हलवली, "इन्शाल्ला" म्हणाले आणि आवाज न करता दार लावून घेतलं.

सामानाची तालीम त्याहून महागात पडली. चाकांची बॅग दगडी रस्त्यावर कशी चालते ते बघायला दाजी ती गच्च भरून सीबच्या जुन्या सूकमधून ओढत निघाले. तिकडे आपल्या माणसानं बॅग घेऊन चालणं याचा अर्थ एकच: हा गावाला निघाला. हां हां म्हणता बातमी पसरली. संध्याकाळी आमच्या दारात माणसं. कुणी चिपळूणला द्यायला हलव्याचा डबा आणला, कुणी खेडला पोचवायला साबण आणि बॅटरी, एक तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "अर्बाबनं काढलं का हो तुम्हाला? काही बोलला नाहीत!" दाजींनी सगळ्यांना चहा पाजला, सगळ्यांचं सामान परत केलं, फक्त हलवेवाल्याला ते 'नाही' म्हणू शकले नाहीत. पुढे खरोखरच गावी गेले तेव्हा तो डबा त्यांनी घरपोच केला. त्यातला हलवा मात्र नवा घेऊन भरावा लागला, कारण जुन्याची काळजी आम्ही तिघांनी परस्पर घेतली होती.

तुम्ही म्हणाल, मग जात का नव्हते? पैसा साठला होता, हौस तर ओतू जात होती. अडत होतं ते म्हातारीपाशी. दर दोन वर्षांनी कारखाना डागडुजीला बंद राहायचा, तेवढीच दाजींची सुटी, आणि ती गावाची. आईबाप वाट बघणार, कुणाचं लग्न, घराचं छप्पर. "त्यातून व्हिएन्नाला दिवस काढायचे म्हणजे आईच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं," दाजी म्हणायचे. एरवी यंत्र चालू असताना सोडून जायचं तर मागे कोण? एकदा बाहेरून बदली मिस्त्री आणला होता, त्यानं म्हातारीला असं काही बिघडवलं की तेव्हापासून अर्बाबांनी बदली माणूस हा शब्दच ऐकून घेतला नाही.

असं होता होता शेवटचं वर्ष आलं. दाजींचे वडील थकले होते. पुढच्या उन्हाळ्याच्या आत सीबचा संसार आवरून कायमचं गावी जायचं ठरलं. एका रात्री जेवताना ताई शांतपणे म्हणाली, "यंदा नेणार असाल तर न्या. एकदा गावी गेलात की तुम्ही मला चिपळूणच्या पुढे नेणार नाही. आणि गेला नाहीत तर जन्मभर मला ती नदी सुरमईच्या वासासकट ऐकावी लागेल." दाजी हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते अर्बाबांकडे रजा मागायला गेले. ताईही आली, आणि मी नेहमीसारखा मागे. अर्बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "जाओ. तुम बहुत साल काम किया. लेकिन मकीना कौन देखेगा?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी खाली मान घातली असती. पण त्यांनी पाहिलं नाही. ते जमिनीकडे बघत उभे राहिले, पायातल्या सपातेचा अंगठा चाचपत. मला ओमानला आणणारा माणूस माझ्याकडे मागायला लाजत होता. आणि मी बोलून गेलो, "मैं देखेगा." आवाज माझाच होता, पण ओळखीचा वाटेना.

ताईच्या तोंडून निघून गेलं, "तू? नळ बंद केलास का बघायला तू तीनतीनदा उठतोस!"

"म्हणून तर!" दाजी एकदम ओरडले. "अगो, मकीना अशाच माणसाकडे द्यायची! ज्याला भीती नाही तो झोपतो. हा झोपणारच नाही." मग अर्बाबांकडे वळून, "अर्बाब, ये मेरे से अच्छा देखेगा. ये बहुत डरता." अर्बाबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि उठून, तिकडच्या रिवाजानं आपल्याकडे ठेवलेले दोघांचे पासपोर्ट तिजोरीतून काढून दिले. "खलास," म्हणाले. "जाओ."

ऑस्ट्रियाच्या व्हिसाच्या खिडकीपाशीही मी सोबत होतो. तिथल्या हिंदी बोलणाऱ्या बाईंनी विचारलं, कधी जाणार? "ऑक्टोबर." काय काय बघणार? दाजींनी छाती पुढे काढून सुरुवात केली, "पहले मे, फिर मार्च..." बाईंनी चष्मा काढला. ताईनं दाजींना कोपरानं ढोसलं आणि स्वतः पुढे होऊन सगळ्या गावांची खरी नावं, एकही न अडखळता, घडाघडा सांगितली. मेल्क, क्रेम्स, ड्यूर्नस्टाइन. दाजी तिच्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षं भाकरी थापणारी बाई ऐकत होती तर! व्हिसा मिळाला.

ते गेले ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. यंत्राशेजारीच गोधडी टाकली. म्हातारी जरा वेगळं बोलली की उठायचो, तेल बघायचो, दाब बघायचो, पुन्हा पडायचो. गाड्या आल्या, लाद्या गेल्या. एकही दिवस खंड पडला नाही. अर्बाब रोज सकाळी येऊन दारातून डोकवायचे आणि परत जायचे. शेवटच्या दिवशी मात्र खजुराचा एक डबा माझ्या गोधडीवर ठेवून गेले.

दाजी परतले ते गप्पच. मला वाटलं, काही बिनसलं की काय. ताईनं सांगितलं, "अरे, किल्ल्यापर्यंत चढून गेलो. खाली नदी, द्राक्षांचे मळे पिवळे पडलेले. मी म्हटलं, बोला की आता! त्या मासळीच्या खोलीत तर बोलायचं थांबत नव्हतात. तर म्हणतात, थांब जरा, बघू दे. आणि माझा हात धरून उभे राहिले. चारचौघांत! लग्नातसुद्धा भटजींनी सांगितल्यावर धरला होता." असं म्हणून ती लाजली आणि चहा टाकायला आत गेली.

गावी जायच्या थोडे दिवस आधी दाजी आणि मी संध्याकाळी सीबच्या किनाऱ्यावर बसलो होतो. होड्या वर ओढून ठेवलेल्या. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशेजारी बसला की काही ना काही ठरवत असायचा. आता वाळूत बोटानं रेघ ओढत होता आणि पुसत होता. मला ते बघवेना.

"दाजी," मी म्हटलं, "मला कुठे जायला जमेल?"

"गावाला? पुढच्या वर्षी ये की."

"गावाला नाही. असंच. बघायला."

ते वळले. "तू? इथल्या इथे मत्राहला जायचं तर दहादा बसवाल्याला विचारतोस!"

"म्हणून तर तुम्हाला विचारतो. तुम्ही ठरवलंत तर जाईन."

दाजी थोडे माझ्याकडे सरकले. "समुद्र हवा की डोंगर?" मी म्हटलं, दोन्ही. "एकटा की दुकटा?" मी म्हटलं, देवाला माहीत. "चढ चालेल ना? गुडघे ठीक आहेत?" मशिदीतून अजान झाली, दिवे लागले, तरी त्यांचे प्रश्न संपेनात, आणि मी प्रत्येकाला हो म्हणत गेलो.

दाजी आता गावी असतात. मी अजून सीबलाच आहे, आणि कुठेही गेलेलो नाही. पण सुटीचं काय करणार असं कुणी विचारलं, तर पूर्वी मी नुसता हसायचो. आता म्हणतो, "एका ठिकाणी जायचंय." कुठे, ते अजून आम्हा दोघांचं फोनवर ठरतंय.