मागच्या रांगेचे ओठ

आत्यांनी तेहतीस वर्षं इस्पितळात लोकांचे एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी चांगल्यापैकी डिजिटल कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड घेतला आणि गावातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ काढायला लागल्या. "इतकी वर्षं हाडं काढली, आता जरा तोंडं काढते," म्हणायच्या. सवय मात्र जुनीच. बटण दाबण्याआधी त्या हमखास हुकूम सोडत, "श्वास रोखा, हलू नका!" मग केक कापणारी माणसं सुरी हवेत धरून तशीच उभी. "आता सोडा," असं त्या म्हणेपर्यंत कुणाची हलायची टाप नव्हती.

खरं म्हणजे त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांना भाऊच नाही, तर भाचरं कुठून येणार? एक धाकटी बहीण, तिच्याबरोबर त्या राहायच्या. पण सगळं गाव त्यांना आत्या म्हणे आणि त्यांनाही ते आवडे.

धाकटी आमच्या गायनवृंदात होती. मीही होतो, दुसऱ्या रांगेत. ती शेवटच्या रांगेत, शिंपीणबाईंच्या शेजारी. दोघींची मैत्री अशी की एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी प्यायची.

आमच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आत्याच काढत. सभागृहातला उजेड मिणमिणता. अशा उजेडात चित्रावर रव्यासारखे दाणे उमटतात. ते दाणे पुसायचं काम फर्मवेअर करतं, म्हणजे कॅमेऱ्याला आतून चालवणारं सॉफ्टवेअर. आत्यांच्या कॅमेऱ्यातलं फर्मवेअर भलतंच कामसू होतं. दाण्यांबरोबर ते सुरकुत्या, चट्टे आणि एकदा तर आमच्या तबलजींची अख्खी मिशी पुसून मोकळं झालं होतं. आम्ही सगळे पडद्यावर दहा-दहा वर्षांनी तरुण दिसायचो. कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती फक्त मास्तरांची. मास्तर म्हणजे आमचे वृंद बसवणारे. "आत्या, सगळे दुधात बुडवून काढल्यासारखे दिसतात हो. मला एकेक चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. कोण मन लावून गातंय, हे कळायला नको?"

आत्यांनी कॅमेऱ्याच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "नवीन फर्मवेअर आलंय, तेवढं अपडेट करून घ्या. चित्र सुधारेल. पण बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा, आणि अपडेट चालू असताना कॅमेरा बंद करू नका. मधेच बंद पडला तर कायमचाच गेला समजा."

कायमचाच गेला, हे आत्यांनी फारच मनावर घेतलं. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर कॅमेरा ठेवला. पडद्यावर टक्के सरकायला लागले. धाकटी चहा टाकायला उठली, तर आत्या ओरडल्या, "जागची हलू नकोस!"

"ताई, तो कॅमेरा आहे. भूल दिलेली नाहीये त्याला."

"बोलूही नकोस."

सात मिनिटांनी कॅमेरा सुखरूप शुद्धीवर आला.

पुढच्याच आठवड्यात आमचा वर्षातला मोठा कार्यक्रम झाला. आत्यांच्या एवढंच लक्षात आलं, की नेहमी दीड तास पुरणारं कार्ड पन्नास मिनिटांत भरलं. कॅमेरा आता भरभरून टिपतोय, याची ती खूण होती. रविवारी दुपारी मास्तरांच्या दिवाणखान्यात मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. दाटीवाटीनं बसलो तीसेक जण.

पहिल्या मिनिटाला कौतुक. दुसऱ्या मिनिटाला शांतता. तिसऱ्या मिनिटाला जो तो आपापला चेहरा चाचपायला लागला. आमच्या अध्यक्षीणबाईंच्या केसांचा रंग मुळाशी कुठे संपतो, ते दिसत होतं. तबलजींची मिशी परत आली होती, पण तिच्यात बिस्किटाचा चुरा होता. माझ्या डोक्यावर दिवा चकाकत होता. मला आजवर वाटायचं, केस नुसते विरळ झालेत. आधी मागच्या रांगेशी कॅमेऱ्याचा फोकस नुसता गोंधळायचा. आता तो शेवटच्या चेहऱ्यावरही जळूसारखा चिकटला होता.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी खो खो हसलं. मास्तरांचे थोरले भाऊ, दादा. तिशीत तापानं त्यांचे कान गेले, तेव्हापासून ते माणसांचे ओठ वाचूनच बोलणं समजून घेतात. गाण्याचा व्हिडिओ ते दरवर्षी नुसता शिष्टाचार म्हणून बघायचे. या वर्षी पुढे सरसावून बसले होते.

"काय झालं दादा?" मास्तरांनी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"मागच्या रांगेत दोघी बोलताहेत," दादा म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते नेहमी खणखणीत बोलत. "शिंपीण म्हणतेय, 'अगं, हा अंतरा राहिला की आपला.' तर दुसरी म्हणतेय, 'राहू दे. मास्तर डोळे मिटूनच हात हलवतात. आपण गायलो काय नि पाढे म्हटले काय, त्यांना काय कळतंय!'"

दुसरी म्हणजे धाकटी. ती आत्यांच्या पाठीमागे दडायला बघत होती, पण आत्या जेमतेम पाच फुटी.

"आणि खरंच पाढे म्हणताहेत," दादा डोळे पुसत म्हणाले. "सातचा चाललाय. सात आठे चोपन्न म्हणाली."

मास्तरांचा चेहरा पाहवत नव्हता. ते उठून चहाचं बघायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आम्ही खरोखर गाणारेही मान खाली घालून बसलो होतो, कारण दादा आता दुसऱ्या रांगेकडे वळले होते.

धाकटीनं घरी अबोला धरला. दोन दिवसांनी आमचं शिष्टमंडळ आत्यांकडे गेलं. "आत्या, कॅमेरा पहिल्यासारखा करा." आत्यांनी आमच्यासमोर दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "छे हो, नवीन घातलं की जुनं परत घालता येत नाही. हा कॅमेरा घेतच नाही."

सगळे सुतकी चेहऱ्यानं परतले. मी मात्र माझ्या टकलासाठी गुपचूप एकटाच पुन्हा गेलो. आत्या चष्मा लावून अपडेटबरोबर आलेली सूचनांची पानं वाचत होत्या.

"ये. हे बघ." त्यांनी कॅमेऱ्याच्या मेनूत बोट दाखवलं. दाणे किती पुसायचे, त्याचे तीन पर्याय होते, जास्त, मध्यम आणि कमी. अपडेटनं तो परस्पर 'कमी'वर नेऊन ठेवला होता. "म्हणजे जुनं फर्मवेअर नको नि काही नको. 'जास्त' केलं की झालं तुमचं दूध!"

"मग सांगा ना सगळ्यांना!"

"का म्हणून?" आत्या डोळे बारीक करून म्हणाल्या. "बोललास कुणाजवळ तर तुझं डोकं 'कमी'वर घेईन. जवळून."

मी डोक्यावरून हात फिरवत घरी आलो.

पुढच्या कार्यक्रमाला आमचा वृंद असा गायला की आमचाच विश्वास बसेना. कॅमेरा रोखलेला होता आणि दादा पहिल्या रांगेत येऊन बसले होते. धाकटी घशाच्या शिरा ताणून गात होती. मास्तरांनी डोळे टक्क उघडे ठेवले होते, आणि तिघांच्या हातातल्या वह्या उलट्या असल्याचं त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

रविवारी व्हिडिओ लावला. सगळे पुन्हा दुधात! गाणं मात्र अप्रतिम.

"आत्या, हे परत असं कसं झालं?" मास्तर म्हणाले.

"काय सांगायचं बाई," आत्या निरागसपणे म्हणाल्या. "या अपडेटचं काही खरं नाही. कधी स्वच्छ दिसेल, कधी नाही, आपल्या हातात नसतं."

दादा कंटाळून जांभया देत होते. "या वेळी काहीच मजा नाही," ते म्हणाले. "नुसतं गाणंच आहे."

मास्तरांनी खूश होऊन धाकटीला बढती दिली आणि दुसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी आणलं. सरावात ती अजूनही अखंड बोलत असते. फक्त आता ओठ न हलवता बोलायला शिकली आहे.