रोहिणीचा आवाज आणि क्लीव्हलँडची दुपार

डेट्रॉईटच्या विमानतळावर मला न्यायला आलेली मुलगी म्हणजे माझी भाची, हे तिनं "मावशी!" अशी हाक मारल्यावरच मला कळलं. डोक्याची एक बाजू भादरलेली, कानात सेफ्टी पिना, पायात सैनिकी बूट. हाकसुद्धा घोगरी. शहाऐंशीचा जानेवारी होता. अकोल्याहून निघाल्यापासून मी विमानाला, बर्फाला, इंग्रजी बोलण्याला भीत होते. आता रोहिणीलाही भ्याले.

माझी थोरली बहीण सुधाताई डेट्रॉईटजवळच्या ॲन आर्बर गावात भूलतज्ज्ञ. तिची लेक रोहिणी तिथंच जन्मली. पंधराव्या वर्षी घराच्या बेसमेंटमध्ये (तळघरात) मैत्रिणींबरोबर गायला लागली, एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडलं आणि एकविसाव्या वर्षी पंक (वेगवान, संतापाचं गाणं) गाणाऱ्या बँडची मुख्य गायिका झाली. त्यांची एक रेकॉर्डही निघाली होती. ताईनं ती ऐकली नव्हती.

"तिच्या स्वरतंतूवर गाठ आहे," पोळ्या लाटता लाटता ताई म्हणाली. "अशीच ओरडत राहिली तर रक्तस्राव होईल. मी तोंड उघडलं की ती दार आपटते. कुसुम, क्लीव्हलँडच्या कार्यक्रमाला तू जा तिच्याबरोबर."

"मी जाऊन काय करू?"

"तिच्याजवळ राहा. मला बघवत नाही."

रविवारी सकाळी बँडच्या जुन्या व्हॅनमध्ये गिटारींच्या पेट्यांवर बसून मी निघाले. व्हॅन चालवायला त्यांचा ड्रमवाला डग. टोलेडोच्या पुढे इरी सरोवर लागलं. शाळेत मी भूगोल शिकवते, नकाशात ते निळं रंगवते. इथं ते क्षितिजापर्यंत करडं, गोठलेलं होतं. तेवढ्यात व्हॅन बर्फावरून घसरली, गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडानं थांबली. डगनं ती हळूहळू वळवून पुन्हा रस्त्याला लावली.

पुढच्या खानावळीत त्यानं आम्हाला पॅनकेक (गोड, जाड घावन) मागवले. रोहिणी नुसतं गरम पाणी पीत होती.

"ऑपरेशन करून का घेत नाहीस?" मी विचारलं.

"शोज कॅन्सल केले तर हे लोक दुसरी सिंगर घेतील." मग डगला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आणि नंतर आवाज आलाच नाही तर? मावशी, आय ॲम सो स्केअर्ड. मला दुसरं काही येत नाही."

दुपारी क्लीव्हलँडला माजी सैनिकांच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी स्टेजच्या कडेला, माणसाएवढ्या स्पीकरमागे उभी राहिले. पहिल्याच ठोक्याला छाती हादरली. समोर पोरं एकमेकांच्या अंगावर आदळत होती. मला वाटलं, दंगल झाली. मागून मुंडण केलेले चारपाच जण ओरडायला लागले, "गो होम!" (तुझ्या देशात परत जा). एक बाटली रोहिणीच्या पायाशी फुटली.

तिनं हात वर करून गाणं थांबवलं. "मी घरीच आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "इथून तीन तासांवर. तुम्ही कुठून आलात?" हॉल हसला. पोरांनीच त्या टोळक्याला दाराबाहेर ढकललं.

पुढचं गाणं सुरू झालं आणि मध्येच तिचा आवाज गेला. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण आवाज नाही. ती खोकली. हनुवटीवर रक्त आलं. लोकांना तो खेळाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या.

त्या टाळ्यांची मला जितकी भीती वाटली तितकी बाटलीचीही वाटली नव्हती. मी साडीचा पदर खोचला, काचांवरून स्टेजवर गेले आणि तिचा दंड धरला. डगनं ढोल थांबवला.

हॉलच्या ऑफिसातून मी फोन लावला. ताई म्हणाली, "तिला एक शब्दही बोलू देऊ नकोस. मी निघाले." त्या बर्फात ती एकटी गाडी चालवत आली. मायलेकी भांडल्या नाहीत. भांडायला एकीकडे आवाजच नव्हता. ताईनं लेकीची हनुवटी पुसली आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं.

चार दिवसांनी ऑपरेशन झालं. पुढे दोन आठवडे पूर्ण मौन. ते संपण्याआधीच माझी परतीची तारीख आली. निघताना रोहिणीनं वहीत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'भीती वाटते.'

"मलाही," मी म्हटलं.

अकोल्यात सगळे नायगाऱ्याबद्दल विचारायचे. तो मी पाहिलाच नव्हता. घरी परतलं की प्रवासातली भीती निवते असं म्हणतात, माझी मात्र वाढली. इथं वर्गात मी बोलत असायचे, आणि बोलता बोलता ते उघडं, मुकं तोंड डोळ्यांपुढे यायचं.

एप्रिलमध्ये शेजारच्या देशपांडेकाकूंकडे माझ्यासाठी फोन आला. पलीकडे जाड, खर्जातला, अनोळखी आवाज.

"कोण बोलतंय?"

"मावशी, मी. रोहिणी."

"बरी आहेस ना? गाता येतं?"

"माहीत नाही. सॅटर्डेला शो आहे, तेव्हा कळेल. आई पण येतेय."

मी "जपून गा" म्हणाले, फोन ठेवला, आणि शनिवार उलटेपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.