मामंजींचं खाकरणं

कुणी उतरवून टाकायला लिंबू दिलं तर मी त्याचं सरबत करून पिणारी बाई आहे, हे आधीच सांगते. भूतखेत, छाया, झपाटणं... असलं कुणी काढलं की मी उठून कुकर लावते. त्यामुळे खालचं वाचून हसलात तरी राग नाही. मीच हसले असते.

आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचे मराठी. लग्न होऊन मी चिक्कपेटेतल्या घरात आले; आता मुलाकडे, सर्जापूर रोडला, नवव्या मजल्यावर. नात मिहिका अकरावीत. शाळा इंटरनॅशनल, त्यामुळे यंदा तिला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं साहित्य. एका गुलाम बाईने लिहिलेल्या स्वतःच्या हकिकतीवर दहा मिनिटं बोलायचं, व्हिडिओ करून पाठवायचा. मध्ये थांबायचं नाही, उठायचं नाही, कापाकापी नाही. नाहीतर शून्य, म्हणजे त्या विषयात नापास.

ती बाई म्हणे स्वयंपाकघरात पीठ पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवायची. मालकाच्या बुटांचा आवाज आला की हात फिरवून पुसून टाकायची. मिहिकाने हे मराठीत सांगितलं तेव्हा मी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी तिच्याशी बरोबरी करत नाही हं - तिला बाजारात विकलेलं, मला वाजतगाजत आणलेलं. पण वाचायला मीही चोरूनच शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, उंबऱ्याशी येऊन खाकरायचे. जुन्या घरांत रीतच होती तशी. मोठा पुरुष खाकरला की बायकांनी हातातलं टाकून उठायचं, डोक्यावर पदर ओढायचा, आत जायचं. मामंजींच्या खाकरण्यात कफ कमी, राग जास्त. कागद सापडला की चुलीत. एकदा कागदाबरोबर माझा हातही चुलीपर्यंत नेला होता त्यांनी. त्यांना जाऊन जमाना झाला.

शनिवारी दुपारी मिहिका हॉलमध्ये रेकॉर्डिंगला बसली. मी स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होते. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळतं. 'बूट्स' हा शब्द कानावर आला आणि त्याच क्षणी दाराशी... खाकरणं. मी उभी. पदर डोक्यावर. शेंगा खाली फरशीभर. आणि समोरून मिहिका आत चालत येत होती.

"झालं गं?"

"नाही." ती गोंधळली होती. "आज्जी, मी का उठले?"

"तू ऐकलंस?"

"काय?"

दुसऱ्यांदा बसली. त्याच शब्दाला तेच. मग तिने व्हिडिओ लावून दाखवला. खाकरण्याचा आवाज त्यात नव्हताच. नुसती मिहिका दिसत होती - बोलता बोलता गप्प होते, उठते आणि उजवा हात डोक्यामागे नेऊन काहीतरी कपाळापर्यंत ओढते. हाफपँट-टीशर्टमधली पोर. साडी नेसायची तर तिला यूट्यूब लागेल, पदर कुठून येणार?

मी जे ऐकलं ते माझ्या मुलाला, गिरीशला सांगितलं. तो तडकला. "तूच तिच्या डोक्यात भरवलंस हे."

"मामंजींचं मी तिला कधीच बोलले नव्हते. तुलाही नाही."

"माझ्या आजोबांना मध्ये आणू नकोस, आई. देवमाणूस होते."

"तुझ्यासाठी होते."

तो गाडीची किल्ली घेऊन खाली निघून गेला.

रविवारी पाचपर्यंत पाठवायचं होतं. चार वाजता मी मिहिकाच्या समोर, कॅमेऱ्याच्या मागे, जमिनीवर मांडी घालून बसले.

"तू उठलीस ना आज्जी, तर मी पण उठेन," ती म्हणाली. "मला माहितेय."

"नाही उठत. तू बोल."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणून तिने बटण दाबलं.

'बूट्स' आलं. खाकरणं या वेळी दाराशी नाही, माझ्या मानेच्या मागे. नस्याचा... मामंजींच्या तपकिरीचा तो वास. माझे गुडघे आपोआप वर यायला लागले. मिहिकाचा आवाज अडकला, हात वर निघाला. पुन्हा खाकरणं - चुलीपाशी ऐकलेलं, ते. मी दोन्ही हातांनी माझे गुडघे खाली दाबले आणि मोठ्याने बोलले, "मामंजी, पोर बोलतेय. आम्ही उठणार नाही."

मिहिकाचा हात हवेत थांबला. मग खाली आला. ती पुढे बोलत राहिली, दहा मिनिटं पुरी होईपर्यंत.

पाठवायच्या आधी आम्ही व्हिडिओ पाहिला. माझा आवाज त्यात नाही. तिचा आवाज कुठेच अडकत नाही. हात मांडीवरून हललेलासुद्धा नाही.

"मी बोलले ते ऐकलंस ना?" मी विचारलं.

"तू काहीच बोलली नाहीस, आज्जी. नुसती रडत होतीस."

ती पास झाली. गिरीशने मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले. एसी, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचं फर्निचर, सगळं बोलून झालं. शनिवारच्या व्हिडिओत मिहिकाचा हात कुणी उचलला, हे मात्र कुणालाच सांगता आलेलं नाही, मलाही नाही.

दुपारी मी पेपर उघडला की अजून खाकरणं येतं, रोज थोडं जास्त रागाचं. मामंजी दाराशीच असतात. मी उठत नाही. पुढची ओळ वाचते.