तळाचा दांडा

वीतभर लाल वायर काढायची दाजी विसरले, आणि माणसांनी भरलेली बोट ऐन धक्क्यासमोर कोणाच्याच हातात राहिली नाही.

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. कप्तान त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून तो त्यांना दाजी म्हणायचा. ते ऐकून मिस्त्री म्हणायला लागला, मग तिकिटं फाडणारी, मग दोर टाकणारे. असे ते अख्ख्या बोटीचे जावई झाले. मान तेवढा मिळाला नाही. काम वायरमनचं, नोकरी मेहुण्याच्या शब्दावर लागलेली. त्यामुळे मेहुण्याचे टोमणेही पगारातच धरलेले.

या बोटीचं इंजिन तीन जागांवरून चालतं. वर कप्तानापुढे एक दांडा, मधल्या मजल्यावर काचेच्या खोलीत मिस्त्रीपुढे दुसरा, आणि पार तळाशी, खुद्द इंजिनाच्या कुशीत, तिसरा. ताबा एका वेळी एकाकडेच. बाकीचे दोन दांडे तेवढा वेळ नुसती खेळणी. वरच्यानं ताबा सोडायचा, खालच्यानं बटण दाबून घ्यायचा, मग त्याचा दिवा पेटतो. आणि तळाच्यानं एकदा घेतला की तो सोडेपर्यंत कप्तानानं कितीही आदळआपट केली तरी उपयोग नाही. कारण तळाचा माणूस इंजिन डोळ्यांनी बघत असतो. वरच्यांना दिसतात फक्त दिवे.

तळाला पूर्वी एक म्हातारा असायचा. सगळे त्याला खालचे आबा म्हणायचे. लोखंडी कांबीचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला, अशी त्यांची बैठक. ताबा आला की इंटरकॉमवर म्हणायचे, "आलं हातात." असं म्हणायचा काही नियम नव्हता. आणि दाजी दिसले की त्यांचं एकच पालुपद, "अहो, इथं एक दिवा लावून द्या ना. दांडा चाचपडत शोधावा लागतो."

"उद्या नक्की, आबा."

मागच्या हिवाळ्यात आबा गेले. त्यांच्या जागी कोणाला नेमलं नाही. वरून सगळं चालतंय, मग खाली माणूस कशाला?

पुढे बोट गोदीत दुरुस्तीला गेली. तपासणी करताना सारखी शिडी उतरून तळाचं बटण कोण दाबणार? दाजींनी बटणावर लाल वायरचा तुकडा जोडून दिला. आता ताबा सुटला रे सुटला, की तळाचं पॅनल आपणहून 'घेतला' म्हणायचं. काम झालं, चहा आला, वायर राहिली.

गोदीतून आलेल्या बोटीनं पहिल्या फेरीत, धक्का दिसू लागला की, ताबा एकदा मधल्या खोलीकडे देऊन परत घ्यायचा, अशी इथली रीत. त्या दुपारी कप्तानानं तो सोडला. मिस्त्रीचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत पॅनलवरचा सगळ्यात खालचा दिवा पेटला.

"खाली कोण गेलंय?" मिस्त्रीनं विचारलं.

"कोणी नाही," त्याच्या शेजारी उभे असलेले दाजी म्हणाले, आणि ती लाल वायर त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

इंटरकॉम खरखरला. वरून कप्तान ओरडत होता, "अहो, दांडा ओढतोय आणि बोट ऐकत नाहीये! धक्का अंगावर आलाय!"

दाजी धावले. तळाच्या वाटेवरचं झाकण उचललं, शिडीला लागले. खाली काळोख आणि गरम तेलाचा वास. अर्ध्या शिडीवर असतानाच इंजिनाचा आवाज उतरला. दाजी जागीच थिजले. आवाज आणखी उतरला, थांबला. मग सगळी बोट थरथरली, म्हणजे इंजिन उलटं फिरू लागलं. कोणी तरी घाई न करता, सवयीच्या हातानं, बोट आवरत होतं. बाजूच्या टायरांना हलकासा धक्का बसला. वर दोरवाल्यांची हाळी ऐकू आली.

दाजी खाली उतरले. टॉर्च लावली. कोणी नव्हतं. दांडा 'थांबा'वर होता. त्या दांड्याला ना वायर, ना मोटर. तो हातानंच हलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? बटणावरची धूळ जशीच्या तशी होती. दांड्याची मूठ मात्र लख्ख पुसलेली.

त्यांनी वायर उपटून खिशात कोंबली, ताबा सोडला आणि वर आले.

कप्तानानं आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं दाजी! वेळेवर पोचलात. बोट काय अलगद टेकवलीत! ताईला सांगतो आज, तुझा नवरा अगदीच वाया गेलेला नाही."

दाजी हसले. नाही म्हणावं, तर वायरचंही सांगावं लागलं असतं.

"पण एक सांगा," कप्तान म्हणाला, "एवढ्या धांदलीत आबांची नक्कल कसली करत होता?"

"कसली नक्कल?"

"इंटरकॉमवर. 'आलं हातात' म्हणालात ते."

रात्री बायकोनं भावाचा फोन ठेवला आणि नवऱ्याकडे निरखून पाहिलं. "कौतुक झालंय तुमचं. मग तोंड असं का?"

दुसऱ्याच दिवशी दाजींनी बल्ब आणला, होल्डर आणला. ते सगळं अजून त्यांच्या पिशवीत आहे. झाकणापर्यंत ते रोज जातात. खाली उजेड पडला आणि कोणी दिसलं तर, ही एक भीती. दिवा लागल्यावर आबांचं तिथलं काम संपलं तर, ही दुसरी. आणि ती जास्त मोठी आहे.

मग दाजी झाकण थोडंसं उचलतात, काळोखात वाकतात, आणि कोणी ऐकत नाहीये ना हे बघून हळूच म्हणतात, "उद्या नक्की, आबा."